चर्चच्या पुस्तकात होतं, तोंडात नव्हतं

नवऱ्याने हात उचलला म्हणून ख्रिस्ती बाई फादरांकडे किंवा पाळकसाहेबांकडे गेली, की पिढ्यान् पिढ्या ठरलेलं उत्तर मिळायचं: प्रार्थना कर, मुलांच्या तोंडाकडे बघ, सांभाळून घे. हा सल्ला फार जुना आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत जन्मलेल्या संत ऑगस्टीनने आपल्या आईची, मोनिकाची, आठवण लिहून ठेवली आहे. ओळखीच्या बायका चेहऱ्यावर माराचे वळ घेऊन नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगत. मोनिका त्यांना म्हणे, दोष तुमच्याच जिभेचा. लग्नाचा करार वाचून दाखवला तेव्हाच आपण दासी झालो असं समजा आणि धन्यापुढे तोरा मिरवू नका. मुलाने हे आईचं शहाणपण म्हणून नोंदवलं. पुढे तीही संत झाली.

चर्चचा कायदा मात्र मोनिकाइतका कडक नव्हता. नवरा क्रूरपणे वागत असेल तर ताट आणि अंथरूण वेगळं करण्याची मुभा मध्ययुगीन चर्च न्यायालयं देत. लग्न कायम, राहणं वेगळं. कॅथोलिक चर्चच्या 1983 च्या संहितेतलं कलम 1153 हेच सांगतं: जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या जिवाला, मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं होणं रास्त आहे. त्यासाठी बिशपांचा आदेश घ्यावा. थांबण्यात धोका असेल तर बाईने स्वतःच्या अधिकारात बाहेर पडावं, परवानगीची वाट बघायची गरज नाही. हे कलम किती प्रवचनांत ऐकू आलं? त्याऐवजी ऐकू आलं ते ‘देवाला सूटपत्राचा (म्हणजे घटस्फोटाचा) तिटकारा आहे’, बायबलमधलं मलाखी 2:16. त्याच वचनाच्या पुढच्या भागात जुलूम करणाऱ्याचाही तिटकारा आहे. तिथपर्यंत वाचायला कोणी थांबत नव्हतं.

भारतात तर सरकारी कायदा चर्चच्याही मागे होता. 1869 च्या घटस्फोट कायद्यातलं कलम 10 बघा. ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला नुसत्या व्यभिचारावर घटस्फोट नाही, नुसत्या मारहाणीवरही नाही. व्यभिचार अधिक क्रूरता, किंवा व्यभिचार अधिक दोन वर्षं टाकून देणं, अशी बेरीज दाखवावी लागे. रोज मारणारा पण ‘एकनिष्ठ’ नवरा असेल तर तिच्या वाट्याला फार तर न्यायालयीन विभक्तता. ज्या इंग्लंडच्या धर्तीवर हा कायदा बेतला, तिथे 1937 मध्येच क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं. आपल्याकडे ख्रिस्ती बाई आणखी साठ वर्षं बेरीज करत बसली.

ती गाठ सुटली कोर्टात. 1995 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ही अट घटनाबाह्य ठरवली. 2001 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, तेव्हा कुठे पती-पत्नीला सारखीच कारणं मिळाली. या बदलासाठी ख्रिस्ती स्त्री-संघटना अनेक वर्षं झगडत होत्या.

चर्चचा सूरही याच काळात बदलला. अमेरिकेतल्या कॅथोलिक बिशपांनी 1992 मध्ये या विषयावर पत्रक काढलं आणि 2002 च्या सुधारित पत्रकात स्पष्ट म्हटलं की छळाच्या लग्नात राहावं अशी अपेक्षा कोणाकडूनही नाही. भारतातल्या कॅथोलिक चर्चने 2010 मध्ये स्वतःचं लिंगसमभाव धोरण जाहीर केलं. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लिहिलं की कधी कधी वेगळं होणं अटळच नव्हे, नैतिकदृष्ट्या आवश्यकही असतं. कागद चांगले आहेत. पण बाई जाते ती कागदाकडे नाही, आपल्या धर्मग्रामातल्या (स्थानिक चर्चच्या) फादरांकडे, आणि तिथे अजूनही पुष्कळदा दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाका’ होतं. नवऱ्यासमोर ती काय बोलणार? घरी गेल्यावर त्याचाच हिशोब होतो.

2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याने फादरांची एक अडचण खरं तर दूर केली आहे. संरक्षण आदेश, राहत्या घरातला हक्क, खर्चाचे पैसे यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. लग्नाच्या संस्काराला धक्का न लावता बाई सुरक्षित होऊ शकते. चर्चच्या नोंदणीकृत सेवासंस्थेला या कायद्याखाली ‘सेवा पुरवठादार’ होता येतं. आणि कलम 4 प्रमाणे हिंसेची खबर संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतं. सद्भावनेने दिली तर देणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. ‘कोणीही’ यात फादर, पाळक आणि सिस्टरही येतात.