गळणाऱ्या व्हॉल्वला बूच मारू नका

हॉटेल, हॉस्पिटल किंवा वसतिगृहाला गरम पाणी पुरवणाऱ्या मोठ्या टाकीला एक सेफ्टी व्हॉल्व असतो. त्याच्या नळीतून कधीकधी थेंब थेंब पाणी पडत राहतं. खाली ओल धरते, कुणीतरी वैतागतं आणि नळीला बूच मारून मोकळं होतं. टाकीपाशी करता येण्याजोगी याहून घातक गोष्ट मला तरी माहीत नाही.

मुळात थेंब का पडतात? पाणी तापलं की फुगतं. 20 अंश सेल्सिअसचं 1000 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापवलं, की ते सुमारे 15 लिटरनं वाढतं. ऐकायला किरकोळ, पण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. थंड पाण्याच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, असेल आणि सगळे नळ बंद असतील, तर या 15 लिटरना जायला वाटच नसते. दाब चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व थोडं पाणी सोडून देतो. म्हणजे बऱ्याचदा खोट त्याच्यात नसतेच. एक्स्पान्शन टँक बसवलेला नसतो, किंवा त्यातली हवा गेलेली असते. या छोट्या टाकीत रबरी पडद्यापलीकडे हवा भरलेली असते. पाणी फुगलं की ती आक्रसून त्याला जागा देते.

आता बूच मारलेल्या टाकीचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की हीटर बंद करणारा भाग, अडकला आणि हीटर चालूच राहिला असं समजा. हवेच्या दाबाच्या सातपट दाबाखाली पाणी सुमारे 165 अंशांपर्यंत उकळतच नाही, नुसतं तापत राहतं. पत्रा फाटला की दाब एकदम उतरतो, त्या पाण्याचा जवळजवळ आठवा हिस्सा क्षणार्धात वाफ होतो आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपटींहून जास्त जागा लागते. म्हणून व्हॉल्व दाबावर आणि तापमानावर, दोन्हींवर उघडणारा हवा. टाकी आणि व्हॉल्व यांच्यामध्ये कोणताही कॉक नको. नळी उतारानं, कुणाच्या अंगावर पाणी पडणार नाही अशा जागी सोडावी आणि तिचं तोंड उघडंच राहू द्यावं.

मग तापमानच कमी ठेवलं तर? तिथे लिजनेला नावाचा जीवाणू आडवा येतो. 1976 साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ पसरली, आणि पुढच्या वर्षी तिच्यामागचा हा जीवाणू ओळखला गेला. त्या वेळी संशय वातानुकूलन यंत्रणेवर होता, पण 20 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यातही तो वाढतो आणि शॉवरच्या तुषारांबरोबर फुप्फुसात जातो. त्यामुळे टाकीत 60 अंश आणि फिरून परत येणाऱ्या पाण्यात निदान 50 अंश राखतात. वापरातून गेलेल्या पाइपांचं टोक नुसतं बंद करून भागत नाही, आत पाणी साचून राहतं; ते कापूनच टाकावे लागतात. प्लंबर नेमका हाच कंटाळा करतात.

आता पंचाईत अशी, की 60 अंशांचं पाणी मोठ्या माणसाची त्वचाही पाचेक सेकंदांत पोळतं. 50 अंशांना त्याच इजेला काही मिनिटं लागतात. लहान मुलं आणि म्हाताऱ्यांची कातडी आणखी नाजूक. तोडगा म्हणजे नळाजवळ बसवलेला, गरम पाण्यात बेतानं थंड पाणी मिसळणारा थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व. साठवण गरम, हातावर सोसवेल असं.

पहिल्यांदा चालू करताना घाई नडते. आधी टाकी भरायची, सगळ्यात लांबचा गरम पाण्याचा नळ उघडून हवा निघून जाऊ द्यायची आणि अखंड धार लागली की मगच हीटर लावायचा. कोरडा चालवलेला हीटर बघता बघता जळतो. गॅसवर चालणारं यंत्र असेल तर धुराडं मोकळं आणि खोलीत ताजी हवा हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून तिथे त्याचा अलार्म लावावाच.

आणि तो सेफ्टी व्हॉल्व? पाण्यातल्या क्षारांचा थर बसून तो जागच्या जागी चिकटू शकतो. उत्पादकानं सांगितलेल्या मुदतीनं, नळीच्या तोंडापासून दूर उभं राहून त्याचा लिव्हर उचलून पाहायचा. पाणी आलंच नाही, किंवा लिव्हर सोडल्यावरही धार थांबेना, तर नवा व्हॉल्व बसवायचा.