भौतिक संस्कृती आणि वस्तूंचं परत येणं

माणसं जे जे बनवतात, वापरतात, पूजतात आणि शेवटी टाकून देतात ते सगळं म्हणजे भौतिक संस्कृती, त्यात पाटा-वरवंटाही आला आणि तलवारही. मानववंशशास्त्रात वस्तू वाचायची असते, म्हणजे ती कशाची आहे, कुठे झिजलीय, कोणाच्या हातून कोणाकडे गेली. मुंबईत हे शास्त्र जुनंच, अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे १८८६ सालची. पण त्या काळात गोळा करणारे बरेचसे राज्यकर्तेच, त्यामुळे कुठली वस्तू भेट, कुठली विकत, कुठली सरळ लूट हे नीट लिहून ठेवायची तसदी फारशी कोणी घेतली नाही आणि आजचे वाद तिथूनच निघतात.

मुंबईतलं जवळचं उदाहरण म्हणजे राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाजूला उभा असलेला दगडी हत्ती. हा मूळचा घारापुरीचा, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला, पण उचलताना तो पडून फुटला, तुकडे इथेच राहिले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती परत उभा केला. नीट उचलला गेला असता तर आज आपण लंडनला पत्रं लिहीत बसलो असतो!

आता नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार घ्या. राज्य सरकारने ती २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाखांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरची लूट झाली तेव्हा ती गेली असावी असा अंदाज आहे. पातं युरोपीय, म्हणूनच अशा तलवारीला फिरंग म्हणतात, आणि त्याच पात्यावर रघुजींचं नाव देवनागरीत सोन्याने कोरलंय. मराठा सरदार परदेशी पोलाद मागवून त्यावर आपली मोहोर उठवत होते, हे एवढ्याशा पट्टीवर दिसतं. ढोल-ताशांच्या बातम्यांमध्ये हा मुद्दा राहूनच गेला.

वाघनखांचं प्रकरण अजून गुंतागुंतीचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती जुलै २०२४ मध्ये ३ वर्षांसाठी उसनी दिली आणि ती साताऱ्यात मांडली गेली. शिवाजी महाराजांनी १६५९ मध्ये वापरलेली तीच ही, याचा पुरावा नाही असं म्युझियम स्वतःच सांगतं. सोबतच्या पेटीवर इंग्रजीत मजकूर कोरलाय की महाराजांनी याने 'मोगल सेनापती' मारला, ती साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफला पेशव्यांच्या प्रधानाने दिली वगैरे. अफझलखान आदिलशाहीचा, मोगल कुठला! म्हणजे पेटी वाघनखांपेक्षा साहेब लोकांबद्दलच जास्त सांगते.

उसनं घ्या नाहीतर विकत घ्या, अशी वेळ का येते, तर सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आणि आपला पुरावस्तू कायदा १९७२ चा, दोन्ही त्याआधी गेलेल्या मालाला मागे जाऊन लागू होत नाहीत. चोरून नेलेल्या मूर्ती मात्र कोर्टकचेऱ्या करून सोडवता येतात. तमिळनाडूतल्या शिवपुरमचा नटराज दुरुस्तीला दिला तेव्हा देवळात नक्कल परत आली आणि अस्सल मूर्ती मुंबईच्या बाजारातून अमेरिकेत पोचली, ती खटल्यानंतर तडजोड होऊन १९८६ मध्ये परत आली.

उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवाचे रत्नखडे १८९८ मध्ये स्तूपातून निघाले, बुद्धांच्या अस्थींसोबत पुरलेले. २०२५ मध्ये त्यातले काही हाँगकाँगला लिलावात निघाले, भारत सरकारने नोटीस धाडून लिलाव थांबवला आणि शेवटी पैसे मोजले ते मुंबईच्या गोदरेज समूहाने, त्यातला मोठा भाग ५ वर्षांसाठी नॅशनल म्युझियमला दिलाय. लिलाववाल्यांच्या लेखी ते दागिने, पण श्रद्धावंतांच्या लेखी अस्थींसोबत वाहिलेलं दान, जे विकायचंच नसतं, आणि देशातले सगळ्यात जास्त बौद्ध तर महाराष्ट्रातच राहतात.