जोडीदाराची निवड

विवाहासाठी व्यक्ती ठरवण्याची प्रक्रिया. कोणाकोणाचा विचार करायचा याचे कुंपण बहुधा संस्कृती घालते. आतल्या मोजक्या स्थळांतून एक निवडताना स्वभावाला वाव मिळतो.

हे कुंपण प्रदेशाप्रमाणे बदलते. उत्तर भारतातील अनेक हिंदू जातींत जवळच्या नात्यात, कित्येकदा एकाच गावातही, लग्न करत नाहीत. दक्षिणेत मात्र मामाच्या मुलीशी लग्न हा अनेक जातींत रिवाज आहे. महाराष्ट्र या दोन पद्धतींच्या सीमेवर येतो, हे इरावती कर्वे यांनी १९५३च्या आपल्या नातेव्यवस्थेवरील ग्रंथात दाखवले. येथे मामाची मुलगी अनेक जातींत चालते, आत्याची मुलगी सहसा चालत नाही. जातीचे कुंपण यापेक्षा कितीतरी पक्के आहे. जातीतच लग्न करणे हेच जातिव्यवस्थेचे मर्म आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी ३७ संस्कृतींमधील सुमारे १०,००० लोकांची पाहणी १९८९ साली प्रसिद्ध केली. परस्पर प्रेम, भरवशाचा स्वभाव, मानसिक स्थैर्य आणि समजूतदारपणा यांना स्त्री-पुरुष दोघांनीही जवळपास सर्वत्र वरचे स्थान दिले. सर्वाधिक मतभेद विवाहपूर्व कौमार्याबद्दल निघाले : भारत, चीन, इराण येथे त्याला मोठे महत्त्व, स्वीडनमध्ये जवळजवळ काहीच नाही. प्रेम किती अनिवार्य मानायचे हेही संस्कृतीवर अवलंबून असते. ‘हवे ते सारे गुण आहेत, पण प्रेम नाही, लग्न कराल का?’ या प्रश्नाला १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ११ देशांच्या अभ्यासात भारतातील ४९ टक्के विद्यार्थ्यांनी होकार दिला, तर अमेरिकेतील केवळ ३.५ टक्के विद्यार्थ्यांनी.

नवरा-बायकोत वय, शिक्षण, धार्मिकता आणि राजकीय मते यांचे साम्य ठळक आढळते. बोलका की अबोल यांसारख्या स्वभावगुणांत ते फारच कमी असते. विरुद्ध स्वभाव एकमेकांना ओढतात या समजुतीलाही फारसा आधार मिळालेला नाही. लवकर चिडणे, सतत धास्तावलेले असणे अशा भावनिक अस्थैर्याचा वैवाहिक असमाधानाशी संबंध मात्र अभ्यासांत वारंवार दिसतो. ठरवून होणाऱ्या लग्नाची खरी अडचण इथेच आहे. बायोडाटात पगार, उंची, शिक्षण येते. ३६ पैकी किती गुण जुळले हे पत्रिकेवरून काढता येते. पण समोरचा माणूस रागात कसा वागतो हे कांदेपोह्यांच्या तासाभराच्या बैठकीत, दोन्हीकडची वडीलधारी माणसे समोर असताना, कळणे जवळजवळ अशक्य. म्हणून होकारापूर्वी दोघांना पुरेसा वेळ आणि नकाराची खरी मोकळीक मिळायला हवी. विशेषतः मुलीला, कारण नकाराचा हक्क प्रत्यक्षात बहुधा मुलाकडच्यांनीच वापरला आहे.

कुंपणाबाहेर निवड करणाऱ्यांसाठी १९५४चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात ३० दिवसांची जाहीर नोटीस द्यावी लागते, आणि घरच्यांच्या विरोधाला तोंड देणाऱ्या जोडप्यांना तीच धोक्याची ठरू शकते.