मेणबत्ती विझल्यावर ग्लासात पाणी का चढतं?

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी आत चढतं. शाळांच्या विज्ञान कार्यशाळांत याचं ठरलेलं उत्तर वर्षानुवर्षं सांगितलं जातं: ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली; हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणून पाणीही एक पंचमांश चढतं. हे चूक आहे.

नीट बघा. ज्योत जळत असताना पाणी फारसं हलत नाही. ती विझता विझता भरकन वर येतं. ऑक्सिजनमुळे चढत असतं, तर जळतानाच हळूहळू चढलं असतं. शिवाय ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. खरं कारण उष्णता. ग्लास ठेवताना आत गरम, फुगलेली हवा कोंडली जाते. कधी कधी काठाखालून बुडबुडे सुटतानाही दिसतात. ज्योत गेली की ही हवा थंड होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते.

मुलांना त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावू द्या, आणि हे मोठ्यांच्या देखरेखीखालीच. ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढतं. ग्लासाला पट्टी लावून दोन्ही वेळची उंची त्यांनाच मोजू द्या. उत्तर आधी सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती.