रिपीटर कंट्रोलर (हॅम रेडिओ)

हॅम रेडिओच्या (हौशी लोकांच्या बिनतारी संदेशांच्या) रिपीटरमध्ये रिसीव्हर आणि ट्रान्समीटरच्या मधे बसून कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं हे ठरवणारं जे सर्किट असतं तो रिपीटर कंट्रोलर. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, २ मीटर बँडवर (भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) या दोन्हींत साधारण ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. हे सगळं डोंगरावर नाहीतर कुठल्यातरी उंच गच्चीवर एकटंच पडलेलं असतं, त्यामुळे कंट्रोलर बनवताना तो कसा चालेल यापेक्षा अडकला तर काय करेल हेच जास्त बघावं लागतं.

रिसीव्हरकडून येणारी मुख्य लाइन म्हणजे सीओआर, म्हणजे सिग्नल आला, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबून ठेवणारं सर्किट) उघडला, हे सांगणारी. काही सेटमध्ये ही लाइन सिग्नल आल्यावर वर जाते, काहींत खाली येते, म्हणून आधी मल्टिमीटर लावून बघायचं आणि मगच सर्किट काढायचं. जोडीला ६७ ते २५४.१ हर्ट्झमधला सीटीसीएसएस टोनही (बोलण्याखाली सतत चालणारा, ओळख पटवणारा खालच्या पट्टीतला सूर) तपासतात, नाहीतर शेजारच्या एखाद्या भंगार चार्जरच्या खरखरीनेसुद्धा रिपीटर उठून बसतो.

ट्रान्समीटर चालू करणारी लाइन म्हणजे पीटीटी, आणि खरी मेख इथेच आहे. कंट्रोलरच्या आतली मायक्रोकंट्रोलर चिप रीसेट होताना तिच्या पिना अधांतरी असतात, म्हणून पीटीटीच्या बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसवरून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर हवाच. आर्डुइनो उनो वापरत असाल तर पीटीटी १३ नंबरच्या पिनवर अजिबात घेऊ नका, बूटलोडर (चिप उठताना चालणारा छोटा प्रोग्राम) सुरू होताना ती पिन स्वतःच लुकलुकते आणि वीज येऊन-जाऊन करत असेल तर ट्रान्समीटरही तसाच उचक्या देत बसतो. वॉचडॉग टायमर (प्रोग्राम अडकला तर चिप आपोआप रीसेट करणारा) चालू ठेवायचा हे वेगळं सांगायला नको.

बाकी मग टायमरांचा खेळ. बोलणाऱ्याने बटण सोडलं की एक-दोन सेकंद शेपूट चालू राहते (म्हणजे ट्रान्समीटर तसाच चालू), मधे एक बारीक बीप, आणि कोणी बटण दाबून धरून गप्पाच मारत बसला तर तीनेक मिनिटांनी टाइम-आउट. आयडी (रिपीटरची स्वतःची ओळख, म्हणजे कॉल-साइन) बहुतेक मोर्समध्येच जातो, अमेरिकेत तर दर १० मिनिटांच्या आत तो द्यायचा असा नियमच आहे. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने एक डॉट ६० मिलिसेकंदांचा होतो. नवशिके इथे डिले फंक्शन (प्रोग्राम तेवढा वेळ थांबवून ठेवणारं) वापरतात आणि आयडी वाजेपर्यंत कंट्रोलर सीओआरकडे बघतच नाही, त्यापेक्षा घड्याळ मोजून छोट्या छोट्या तुकड्यांत काम करून घ्यावं.

ऑडिओ सोपा वाटतो पण वेळ तोच खातो. डिस्क्रिमिनेटरवरून, म्हणजे एफएम सिग्नलमधून आवाज काढणाऱ्या भागावरून, घेतलेल्या ऑडिओला डी-एम्फसिस, म्हणजे पाठवताना चढवलेले वरचे सूर पुन्हा उतरवणं, लागतो (स्पीकरवरून घेतला तर तो आधीच झालेला असतो), आणि सीटीसीएसएस टोन पुढे जाऊ नये म्हणून ३०० हर्ट्झच्या आसपासचा हाय-पास फिल्टर. ऑडिओ चालू-बंद करायला सीडी४०६६ ही इलेक्ट्रॉनिक स्विचची चिप छान, फक्त सिग्नल अर्ध्या सप्लायवर बायस करा, नाहीतर दर वेळी स्पीकरमधून टक् असा आवाज येतो.

दुरून हुकूम द्यायला डीटीएमएफ (फोनचं बटण दाबल्यावर वाजतात ते जोडसूर), ते ओळखायला एमटी८८७० ही जुनीच पण भरवशाची चिप. तिचा ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल म्हणजे अमेरिकन कलर टीव्हीतला, म्हणून स्वस्त मिळतो. एक खोच लक्षात ठेवा, यात शून्य दाबल्यावर बाहेर ०००० येत नाही, १०१० येतं, ०००० म्हणजे डी हे बटण, आणि हे माहीत नसलं की पासवर्ड का लागत नाही म्हणून माणूस रात्रभर कोड उलटापालटा करत बसतो.

सगळं धातूच्या डब्यात बसवून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वायरीवर १ नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला लावतात, शेजारीच ट्रान्समीटर असल्याने आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) आत शिरतेच. वर नेण्याआधी टेबलावरच डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, ट्रान्समीटरची ताकद गिळणारा रेझिस्टर) जोडून सप्लाय दहा-बारा वेळा बंद-चालू करायचा आणि पीटीटीचा एलईडी एकदाही चमकतो का ते डोळ्यात तेल घालून बघायचं.