नाटकाच्या पडद्यापासून फाउंड्रीच्या ड्रॉइंगपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, पॅटर्नवाल्याला (ओतकामाच्या साच्यासाठी नमुना बनवणाऱ्याला) जॉब तोंडी समजावायला जा. दोन मिनिटांत तो खडू पुढे करतो, "काढून दाखवा की." कोल्हापुरात आधी काढून बघायची ही सवय नाटकांच्या पडद्यांच्या काळातही दिसते.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. मोठ्या पडद्याची जुनी रीत अशी: 20 बाय 15 फुटांच्या पडद्यासाठी 20 बाय 15 इंचांचं कच्चं चित्र. त्यावर इंचाइंचाचे चौकोन, आणि कापडावर सूत मारून फूटफुटाचे. मग एकेका चौकोनातली रेघ तेवढीच मोठी करायची. सूत ढिलं राहिलं की राजवाड्याचे खांब कलले. कागदावरची चूक रबरानं जाते, पण कापडावरच्या चुकीत सगळा रंग वाया.

दोघांनी सिनेमाचा कॅमेराच बनवायला घेतला. 1916 मध्ये आनंदराव वारले. सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून बाबूरावांनी तो पुरा केला आणि 1920 मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट आला. चित्रीकरणाआधी ते पोशाखांची, पात्रांच्या हालचालींची रेखाटनं करत. रंगवलेल्या पडद्याच्या जागी त्यांनी उभारलेले सेट आणले. इथं चित्राचं कामच पालटलं: पडद्याला दिसणं पुरतं, सेटला सुताराच्या हातात मापं द्यावी लागतात.

सपाट कागदावरून घन वस्तूची मापं कशी द्यायची, हा पेच युरोपात 18व्या शतकात सुटला होता. फ्रान्समधल्या मेझिएरच्या लष्करी शाळेत गास्पार मोंज यांनी घन वस्तू समोरून आणि वरून अशा सपाट दृश्यांत मांडायची पद्धत बसवली. किल्ल्यांच्या बांधकामाशी संबंध असल्यानं ती बरीच वर्षं गुप्त होती. 1795 मध्ये त्यांनी ती जाहीर व्याख्यानांतून शिकवली. आजचं मशीन ड्रॉइंग तिचंच अपत्य.

ते वाचताना घोळ होतो तो दोन जागी. पहिली जागा दृश्यांच्या मांडणीची. आपल्याकडच्या फर्स्ट अँगल पद्धतीत वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं, अमेरिकन थर्ड अँगलमध्ये वर. ड्रॉइंगवरची पद्धतीची खूण न बघता पॅटर्न केला तर डावीकडचा बॉस (जॉबवरचा गोल उंचवटा) उजवीकडे जातो. जवळपास सारख्या बाजूंच्या जॉबमध्ये हे लपतं, म्हणून आणखी धोक्याचं. दुसरी जागा मापाची. बिडाचं ओतीव थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं, म्हणजे 300 मिमीसाठी पॅटर्न 303 चा. मशीनवर कापून जाणाऱ्या धातूची सूट त्यावर वेगळी. आणि प्रिंटवर पट्टी ठेवून माप घेणं हा तर गुन्हाच: कागद ताणतो, झेरॉक्स लहानमोठी निघते. लिहिलेला आकडाच धरायचा. नसेल तर फोन करून विचारायचा.