फोटॉन मोजणाऱ्या सेन्सरला उजेड का झेपत नव्हता

एकेक फोटॉन (म्हणजे प्रकाशाची सगळ्यात लहान पुडी) टिपणाऱ्या सेन्सरचा विषय निघाला की सगळे अंधाराबद्दलच बोलतात, काळोखात किती दिसतं वगैरे. पण या सेन्सरची खरी रड उजेडाची होती. सध्या डायनॅमिक रेंजचे (एकाच फ्रेममध्ये अगदी अंधुक ते अगदी झगझगीत किती पेलतं त्याचे) जे मोठमोठे आकडे येतायत ते कुठून आले हे समजायचं तर जरा मागे जायला लागतं.

अंधाराची बाजू तशी लवकर सुटली. प्रकाश सुट्या पुड्यांनी येतो हे आइन्स्टाइनने 1905 मध्ये मांडलं आणि 1930च्या दशकात फोटोमल्टिप्लायर ट्यूब आल्या. फोटॉनने उडवलेला एक इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने वाढवत लाखांच्या घरात न्यायचा, की तो सहज मोजता येतो. 1987 मध्ये जपानमधल्या कामिओकांडेत पाण्याच्या टाकीला लावलेल्या अशाच ट्यूबांनी फुटलेल्या ताऱ्याकडून आलेले 11 न्यूट्रिनो (अतिसूक्ष्म कण) त्यांच्यामुळे पाण्यात पडलेल्या अंधुक उजेडावरून पकडले, इतकी ही जात संवेदनशील. आणि हीच ट्यूब चालू असताना चुकून खोलीतला दिवा लागला तर ती कामातूनच जायची भीती.

अडचणीचं नाव डेड टाइम, आणि ते फोटॉनवाल्यांच्याही आधीचं आहे. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या 1928च्या गायगर-म्युलर काउंटरमध्ये एक कण आला की आतल्या वायूत विजेचा लोंढा सुटतो आणि नळी सावरेपर्यंत साधारण 100 मायक्रोसेकंद जातात, तेवढ्यात दुसरा कण आला तर तो कुणाच्या खिजगणतीत नाही. यातही दोन प्रकार. काही डिटेक्टर आंधळेपणात आलेल्या कणाकडे नुसतं दुर्लक्ष करतात, पण काहींचं लिफ्टच्या दारासारखं असतं, दार बंद होत आलं की कुणीतरी पाय घालतं, परत उघडतं, परत कुणीतरी येतं, आणि गर्दी फारच झाली तर लिफ्ट हलतच नाही. म्हणजे उजेड वाढला की काउंट चक्क कमी होतो! फोटोत सूर्य काळा दिसावा तसला प्रकार.

सिलिकॉनमध्येही तेच पुढे आलं. 1960च्या दशकात शॉकलीच्या प्रयोगशाळेत रोलंड हाइट्झ (एलईडीवाले ज्यांच्या नावाचा नियम सांगतात तेच) डायोडला ब्रेकडाउनच्या (ज्याच्या पुढे उलटी वीज एकदम वाहायला लागते त्या मर्यादेच्या) वरचं व्होल्टेज दिल्यावर काय होतं ते तपासत होते. अशा डायोडमध्ये एक फोटॉन पडला की इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटतो, आणि तो थांबवून डायोड पुन्हा तयार करावा लागतो. स्पॅड म्हणतात ते हेच. सुरुवातीला थांबवायचं काम एक साधा रेझिस्टर करायचा, म्हणजे सगळं निवांत. मग 1970च्या दशकात मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये सर्जिओ कोव्हा आणि मंडळींनी लोंढा ओळखून व्होल्टेज झटकन खाली खेचणारं आणि झटकन वर नेणारं सर्किट केलं, आणि डेड टाइम काही दहा नॅनोसेकंदांपर्यंत खाली आणायची वाट मोकळी झाली.

मग अजून कमी करत शून्याजवळ का नाही नेला? तर सिलिकॉनमधल्या दोषांत थोडे इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि जरा वेळाने सुटतात. तेवढ्यात डायोड जागा झालेला असला तर फोटॉन न येताच काउंट पडतो. आफ्टरपल्स म्हणतात त्याला. घाई केली तर खोटे काउंट, सावकाश घेतलं तर हुकलेले फोटॉन, आणि पुढची कितीतरी वर्षं याच ओढाताणीत गेली.

2003च्या सुमारास नेहमीच्या सीमॉस प्रक्रियेत (साध्या चिप बनवतात त्याच पद्धतीने) स्पॅड बनायला लागले आणि एकेकट्या डिटेक्टरवरून गोष्ट कॅमेऱ्यावर आली. 2020 मध्ये स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या तंत्र विद्यापीठातल्या आणि कॅननच्या लोकांनी 10 लाख पिक्सेलचा स्पॅड कॅमेरा दाखवला. आता कॅमेरा म्हटला की खिडकीसमोर बसलेला माणूस आला, चेहरा सावलीत आणि मागे भगभगीत ऊन, दोन्ही एकाच फ्रेममध्ये हवं. साध्या सेन्सरचा पिक्सेल म्हणजे बादली, भरली की पांढरं फटक, विषय संपला.

स्पॅडमध्ये बादलीच नाही, आणि मला वाटतं सगळ्या गोष्टीतली मजेची जागा हीच आहे. 2019 मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या इंगळे, गुप्ता आणि वेल्टन यांनी साध्या फोटोग्राफीसाठी मांडलेला हिशोब असा. समजा डेड टाइम 100 नॅनोसेकंद आहे आणि एका सेकंदात 99 लाख काउंट आले. म्हणजे सेन्सर 0.99 सेकंद आंधळा होता आणि जागा फक्त 0.01 सेकंद. त्या 0.01 सेकंदात त्याने 99 लाख फोटॉन धरले, तर पूर्ण सेकंदात 99 कोटी धरले असते. हाच हिशोब 50 लाख काउंटला लावला तर 1 कोटी येतात आणि 90 लाखांना 9 कोटी. काउंट 1 कोटीच्या जवळजवळ सरकत राहतो पण तिथे पोचत कधीच नाही, त्यामुळे कागदावर तरी सेन्सर कधी भरतच नाही. हे सूत्र नवं नव्हतं बरं का, गायगर काउंटरवाले ते कधीपासून वापरत होते, फक्त सूर्यप्रकाशातल्या फोटोसाठी कुणी मनावर घेतलं नव्हतं. अर्थात फुकट काहीच नसतं, 99 लाखांचे 99 लाख 10 हजार झाले की उत्तर 99 कोटींवरून थेट 110 कोटींवर जातं, म्हणजे डेड टाइम जरासा जरी इकडेतिकडे झाला तरी उत्तर पार भरकटतं.

उजेड आणि काउंट यांचा आलेख काढला तर येणारी अशी कधीच एकदम न भरणारी वाकडी रेषा फोटोग्राफीत आधीही होऊन गेलीये. हर्टर आणि ड्रिफिल्ड यांनी 1890 मध्ये फोटोच्या काचेचा उजेडाला मिळणारा प्रतिसाद मोजला तेव्हा एस आकाराची रेषा आली होती. आणि सीमॉस इमेज सेन्सरवाले एरिक फॉसम यांनी 2005 मध्ये फक्त हो किंवा नाही सांगणाऱ्या बारीक बारीक ठिपक्यांचा सेन्सर सुचवला तेव्हा फिल्मचे कणच डोळ्यासमोर ठेवले होते.

कंपन्यांची अडचण मात्र वेगळीच होती. एक, पिक्सेलमधला काउंटर छोटा, 12 बिटचा असला तर 4095 ला संपला. दोन, प्रत्येक लोंढ्याला वीज लागते, म्हणजे भर उन्हात कॅमेरा तापणार. सोनीने 2021 मध्ये काउंटर लवकर भरला तर तो किती वाजता भरला ते लिहून ठेवायचं आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधायचा अशी युक्ती काढली, डायनॅमिक रेंजचा आकडा 124 डेसिबल. कॅननने 2022 मध्ये डायोड पुन्हा जागा करायचं काम घड्याळाच्या ठोक्याला बांधलं, म्हणजे दोन ठोक्यांत जास्तीत जास्त एकच काउंट आणि ठोके किती द्यायचे हे उजेड बघून ठरतं. त्यात 143 डेसिबल मिळाले आणि वीज लागली 0.37 वॅट. 120 डेसिबल म्हणजे 10 लाखास 1, तर 143 म्हणजे साधारण 1 कोटी 40 लाखांस 1.

2025 मध्ये कॅननने 21 लाख पिक्सेलच्या सेन्सरसाठी 156 डेसिबल जाहीर केले. त्यात काउंटला वजन देतात, उजेड जास्त असला तर एक काउंट बऱ्याच फोटॉनांच्या वाटचा धरायचा, म्हणजे एकेक फोटॉन मोजायला बनवलेला सेन्सर भर उन्हात त्यातले बहुतेक फोटॉन मुद्दामच मोजत नाही.